आतून धुवायचं नाही

९ फेब्रुवारी

भूकंप झाले, वटवाघळं झाली, आता बुरशी. माझी चढती कमान बघा.

बायकोच्या विमा कंपनीतून दरवर्षी एक डायरी फुकट येते आणि दरवर्षी ती टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली जाते. यंदा मी ती काढून घेतली, टेबल हललं तर हललं. लिहायचं ठरवलंय, कारण हे काम शेवटचं आहे. तसं कुणी म्हणालेलं नाही, पण मला कळतं. हॉटेलवाल्यांना सॅक्सोफोनपेक्षा स्पीकर स्वस्त पडतो. आणि शास्त्रज्ञांबरोबर काम करणारा संगीतकार म्हणून माझं जे काही नाव आहे, ते शास्त्रज्ञांना ठाऊक नाही आणि संगीतकारांना मान्य नाही. भूकंपाच्या आलेखावर बांधलेली रचना ऐकायला भूकंपवालेच आले होते, त्यातला एक झोपला. वटवाघळांच्या वेळी निदान वटवाघळं जागी होती.

आज सूक्ष्मजीव संस्थेतून फोन आला. तिथे बुरशीवर काम करणाऱ्या एक बाई आहेत. नाव भलतंच लांबलचक, म्हणून मी मनातल्या मनात बुरशीताई ठेवलंय. जूनमध्ये त्यांच्या संस्थेचा समारंभ आहे. मोठं सभागृह, खरीखुरी तिकिटं, शिवाय रेडिओवाले ध्वनिमुद्रण करणार. काचेच्या बशीत बुरशी वाढते, तिचे तासातासाला फोटो काढायचे, ते पडद्यावर एकामागून एक दाखवायचे आणि खाली मी वाजवायचं. मी आढेवेढे घेतल्यासारखं केलं आणि लगेच हो म्हणालो.

१७ फेब्रुवारी

संस्थेत गेलो. दारात बूट काढून त्यांचे निळे स्लिपर घालायचे, वर पांढरा कोट. बुरशीताई माझ्या लेकीच्या वयाची निघाली. चष्मा, केसांत पेन्सिल, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. सगळं काम ती एका काचेच्या कपाटात हात घालून करते. मी विचारलं, एवढं सोवळं कशासाठी? म्हणाली, बाहेरची हवा लागली तर नमुना बिघडतो. आणि काही जाती श्वासातून गेलेल्या बऱ्या नाहीत, असंही जाता जाता म्हणाली.

पावावरची बुरशी दाखवली, मातीतली दाखवली, चामड्यावरची दाखवली. सगळ्या सारख्याच कंटाळवाण्या, पांढरा गोल नाहीतर हिरवा गोल. माझं तोंड पडलेलं तिला दिसलं असणार. तिची नजर माझ्या वाद्याच्या पेटीवर गेली. सॅक्सोफोन आतून कधी धुता, असं विचारलं.

मी म्हणालो, कधीच नाही. मग मला वाजवायला शिकवणाऱ्या मास्तरांची सगळी गोष्ट सांगितली. हा सॅक्सोफोन मास्तरांचा. त्यांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा एकच अट घातली होती, बाहेरून वाटेल तेवढा चमकव, आतून धुवायचं नाही. सूर धुतला जातो. त्यांनी स्वतः कधी धुतला नव्हता, मीही धुतलेला नाही. त्याचा तो खालचा जाड, किंचित धुरकट आवाज दुसऱ्या कुठल्याच सॅक्सोफोनला नाही, कारण इतक्या वर्षांचा श्वास आत थरावर थर साचलाय. आमचा ट्रंपेटवाला, ज्याला सगळे तुतारी म्हणतात, तो त्याचा ट्रंपेट दर रविवारी न्हाणीघरात आंघोळ घातल्यासारखा धुतो. आणि वाजतोही तसाच, धुतल्यासारखा.

दुसरं कुणी असतं तर नाक मुरडलं असतं. हिचा चेहरा उजळला. लांब काडीला कापूस गुंडाळून तिने सॅक्सोफोनच्या मानेत, तोंडाजवळच्या बाकात फिरवला. कापूस काळा आला. आम्ही दोघं त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिलो.

२५ फेब्रुवारी

सकाळी सकाळी फोन, आत्ताच्या आत्ता या. गेलो तसाच.

काय सांगू! काळसर हिरवी, मखमलीसारखी, कडेला फिकट गुलाबी झालर. आणि वाढ गोल नाहीच. एक धागा सरळ पुढे जातो, थांबतो, मग दोन फांद्या. त्यातली एक मरते, दुसरी पुन्हा दोन होते. ही तर सरळ सरळ चाल आहे. बुरशीताई म्हणाली की अशी ऐटबाज जात तिने याआधी पाहिलेली नाही, आणि एवढी वर्षं कुणी हात न लावलेली जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. बशीवर नाव काय लिहू, म्हणून विचारलं. मी म्हणालो, मास्तर.

तिने लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी शिंकेवर ढकललं. माझ्या श्वासावर पोसलेला जीव आहे तो.

१२ मार्च

रचना आकार घेतेय. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भूकंपांवर आणि दुसऱ्यांच्या वटवाघळांवर वाजवलं, पहिल्यांदाच आपलं काहीतरी वाजवतोय. एक सूर पुढे जातो, त्याचे दोन होतात, एक विझतो. शेवट मला स्वच्छ दिसतोय. बशी कडेपर्यंत भरते, पडदा पूर्ण काळा होतो, आणि तो काळा होईपर्यंत मी सगळ्यात खालचा सूर एका श्वासात धरायचा. मध्ये श्वास चोरायचा नाही. असा सूर धरणारे आता फार उरले नाहीत, आणि मी त्यातला एक आहे. बाकी जगाने मला काय म्हणायचं ते म्हणावं, हे खोटं नाही.

खोकला काही जात नाही. कोरडा, चिवट. संध्याकाळ झाली की अंग मोडून येतं, थोडी कणकण वाटते. वयाला एवढं चालायचंच.

बायकोचं मत विचारलं नव्हतं, तरी मिळालं. दिवसभर त्या घाणीत तोंड घालून बसतोस, दुसरं काय होणार, एकदा धू तो. तिला काय सांगायचं? तिला जगातले सगळे प्रश्न साबणाने सुटतात असं वाटतं.

३ एप्रिल

मेव्हण्याकडे दोन आठवडे राहून आलो. त्याचा पाय मोडलाय, आणि बायकोला एकटीला सगळं झेपणार नव्हतं. सॅक्सोफोन न्यायचा नाही, अशी तिची अट. तिथे माझं काम काय, तर मेव्हण्याचं बोलणं ऐकणं. पण कबूल केलं पाहिजे, तब्येत सुधारली. खोकला गेला, जिने चढलो, संध्याकाळची कणकण नाही. बायको म्हणाली, बघ. मी म्हणालो, तुझ्या भावाकडे हवा चांगली आहे, एवढं एकच त्याच्याकडे चांगलं आहे.

तिच्याकडून हसू अपेक्षित होतं, पण ती हसली नाही.

४ एप्रिल

बुडालेला रियाज भरून काढायचा म्हणून आज सकाळपासून वाजवत होतो. दुपार उलटता उलटता हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घेतली तरी दात वाजत होते. छातीवर कुणी बसलंय असं वाटत होतं.

कारण सापडलं. माझ्या खोलीची मागची भिंत ओली असते, तिथला रंग फुगलाय. ती ओल मला बाधते. मेव्हण्याच्या घराला ओल नाही, हिशोब सरळ आहे. उद्याच रंगाऱ्याला बोलावतो.

११ एप्रिल

भिंत खरवडली, रंग झाला. रंगाचा वास नको म्हणून आता स्वयंपाकघराशेजारच्या छोट्या खोलीत वाजवतो. खिडकी लावून घेतो, शेजारची बाई तक्रार करते. खोकला होता तसाच आहे. रंगारी चोर निघाला, ओल तशीच आत ठेवून वरून रंग फासला असणार.

फोटो लावून वाजवलं, शेवटचा सूर आज पडद्याच्या अर्ध्यापर्यंतच पोचला.

१९ एप्रिल

आज घरात मोठं भांडण. म्हणजे भांडलो मीच, ती फक्त रडली. ती अशी रडत नाही. म्हणाली, मला दुसरं काही नको, एकदा तो धू. मी विचार केला, हिच्यासाठी एवढं करावं. मास्तर गेले, ते काही बघायला येणार नाहीत. शिवाय अर्ध्यावर तुटणाऱ्या सुराने माझाही धीर सुटत चाललाय. बादलीत कोमट पाणी घेतलं, मान काढली, तुतारीला फोन करून ब्रश कुठला वापरायचा तेही विचारलं. तो इतका खूष झाला की मला लाज वाटली.

हात पाण्यात घालणार तेवढ्यात बुरशीताईचा फोन. पडद्यासाठी मास्तरांचे आणखी फोटो हवेत आणि दोन महिने पुन्हा पुन्हा ताजे नमुने घ्यावे लागतील. तिला या जातीवर एक लेखही लिहायचाय. मी सहज म्हणालो, बरं झालं आत्ता फोन केलास, धुवायलाच बसलो होतो.

ती जवळजवळ ओरडलीच. "नका हो! प्लीज. कार्यक्रम होईपर्यंत तरी धुऊ नका."

मी बायकोला फोनवरचं सगळं सांगितलं. शास्त्रज्ञ बाई सांगते धुवायचं नाही, आता बोल. तिने बादली उचलली आणि पाणी कुंड्यांना घातलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

८ मे

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसावं लागतं. बायकोने धरून छातीच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण, घाईतला. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग विचित्र प्रश्न विचारायला लागला. कबुतरं पाळता का? पोपट? जुन्या गवताच्या गंजीजवळ राहता का? एसी कधी साफ केला होता? मी म्हणालो, आमच्याकडे एक बायको आहे आणि कुंड्या आहेत. मग विचारलं, काम काय करता. मी म्हणालो, संगीतकार. तो म्हणाला, अच्छा, पियानो का?

मला राग आला. सॅक्सोफोन हा शब्दसुद्धा लोकांना सुचत नाही. मी नुसती मान हलवली, आणि ती होकाराची की नकाराची हे त्याचं त्याने ठरवावं. बायको त्या वेळी बाहेर काउंटरवर होती. जाताना मी विचारलं, दीर्घ श्वासाचा व्यायाम केला तर चालेल ना? तो म्हणाला, चालेल काय, केलाच पाहिजे. गोळ्या दिल्या, व्यायामासाठी फुंकायचं एक फुग्याचं खेळणं दिलं आणि छातीचं स्कॅन करून आणायला सांगितलं. स्कॅन कार्यक्रमानंतर करू.

१८ मे

गोळ्या जादूच्या आहेत! श्वास मोकळा, भूक लागते, चेहरा सुजलाय पण म्हणे गोळ्यांनीच. डॉक्टरने सांगितलेला व्यायाम सकाळ-संध्याकाळ दुप्पट करतोय, खालचा लांब सूर, पुन्हा पुन्हा, खिडकी लावून. त्याच्या फुग्याच्या खेळण्यापेक्षा सॅक्सोफोन शंभर पटीने बरा.

बुरशीताई नमुना घ्यायला घरी आली होती. सॅक्सोफोनला नमस्कार करायचंच तेवढं बाकी ठेवलं. ती पोरगी मला आवडते. एवढ्या वर्षांत कुणी मला इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही.

४ जून

गोळ्या संपल्या, पूर्वीसारखंच झालं. नाही, पूर्वीपेक्षा वाईट. आंघोळ करून आलो की पलंगावर बसून राहतो. सूर पाव पडदासुद्धा जात नाही.

कार्यक्रम रद्द कर, असं बायको म्हणाली. मी म्हणालो, रद्द केला तर मी कोण उरतो?  

१५ जून

झाला कार्यक्रम.

सभागृह भरलेलं होतं. इतकी माणसं माझ्यासाठी कधी बसली नव्हती. बायको पहिल्या रांगेत, शेजारी तुतारी, इस्त्रीचा शर्ट घालून. दिवे गेले, पडद्यावर मास्तर उगवले. पहिली फांदी फुटली तशी माझीही फुटली. मधल्या लांब जागा श्वास पुरेना म्हणून मी हळूच तोडल्या, कुणाला कळलं नाही. मला वाटलं, जमतंय. देवा, जमतंय.

मग शेवटचा सूर. भरला श्वास, म्हणजे भरायला गेलो. छाती उघडलीच नाही. बंद दाराला खांदा द्यावा तसं झालं. होतं तेवढ्या हवेत सूर लावला, पडदा अजून निम्मा उजेडात होता, आणि सूर तुटला. पुन्हा उचलायला गेलो तर नुसती हवेची फुस्स. उरलेला पडदा शांततेत काळा होत गेला. मी सॅक्सोफोन धरून उभा होतो आणि माझ्या छातीची शिट्टी पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जात होती.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. संस्थेचे प्रमुख वर आले आणि माझा हात धरून म्हणाले की बशी भरली की बुरशी स्वतःच गुदमरते, ते शेवटी काय नेमकं दाखवलंत! मी चोरी पकडली गेल्यासारखा उभा. रेडिओवाल्यांनी ते सगळं मुद्रित केलंय, त्या फुस्ससकट. आता ते कायमचं तसंच वाजत राहणार.

मागे खुर्चीवर बसलो होतो, बुरशीताई पाणी घेऊन आली. तिला हसवावं म्हणून डॉक्टरची गोष्ट सांगितली, कबुतरं काय, पोपट काय, गवत काय. ती हसली नाही. आणखी काय विचारलं, म्हणाली. मी एसीचं सांगितलं. तिने हातातला ग्लास खाली ठेवला. सॅक्सोफोन माझ्या मांडीवर होता. तो तिने हळूच उचलला, पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली. मग घाईघाईने निघून गेली. मला वाटतं, तुटलेल्या सुराने तिची निराशा झाली असावी.

१७ जून

ती घरी आली. तोंडावर मास्क होता, हातात माझ्यासाठी दुसरा. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. सरळ सांगितलं. कबुतरांची धूळ, गवतातली बुरशी यांनी जसं फुफ्फुस आतून सुजतं, तसंच सॅक्सोफोनमधल्या बुरशीने होतं. मी प्रत्येक श्वास तिच्यावरून ओढत आलोय. मेव्हण्याकडे बरा झालो, परत येऊन वाजवलं त्याच दिवशी हुडहुडी भरली, बायकोला तारखा विचारून सगळं तिने बोटांवर मोजून दाखवलं. ती म्हणाली, "रोज काचेच्या कपाटात हात घालून काम करते मी. आणि तुम्हाला सांगितलं, धुऊ नका."

मी ओरडलो तिच्यावर. काय वाटेल ते बोललो. लेख लिहायचा होता ना तुला, लिही आता. बोलताना खोकला आला, तो थांबेना, बाकीचं बोलणं तसंच राहिलं. बायकोने पाणी आणलं. आधी मला दिलं, मग तिला. बादलीच्या त्या दिवसाबद्दल बायको एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२ जुलै

स्कॅन झालं. तो तरुण डॉक्टर या वेळी घाईत नव्हता. पडद्यावर माझी फुफ्फुसं दाखवली. खालचा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, भोकं भोकं. जे पोळं झालं ते परत फुफ्फुस होत नाही, म्हणाला. पुढे वाढू नये एवढंच बघायचं, आणि तेही सांगता येत नाही. वाद्य घराबाहेर काढा. फुंकायचं काहीही नको. मी विचारलं, नवं, स्वच्छ वाद्य असेल तर? तो म्हणाला, वाद्याचा प्रश्न आता उरला नाही.

येताना टॅक्सीत बायकोने माझा हात धरला होता. आम्ही रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या वाचत आलो.

२० जुलै

बुरशीताईचा फोन. मास्तरांच्या सगळ्या बश्या वाफेत घालून मारणार आहेत. तिने लेख मागे घेतला. यायचं का म्हणून विचारत होती. मी नको म्हणालो. मग तिने विचारलं, तब्येत कशी आहे. मी म्हणालो, तू जेवत जा वेळेवर.

९ ऑगस्ट

तुतारी उद्या सॅक्सोफोन न्यायला येणार आहे. त्याच्या ओळखीत एक शिकणारा कुणी आहे, म्हणाला. असा कसा देणार कुणाला, म्हणून आज बायको ऑफिसला गेल्यावर मी मास्क लावला आणि बादली भरली.

मान काढली, ब्रश घातला. पहिलं पाणी शाईसारखं काळं आलं. दुसरं तसंच. त्यात कसल्या कसल्या चिंध्या तरंगत होत्या. मास्तरांच्या, माझ्या. मध्ये मध्ये बसत होतो, म्हणून दुपार झाली. शेवटी पाणी स्वच्छ आलं. पुसला, उन्हात ठेवला, भोकांवरचे पॅड वाळू दिले, तोंडाशी रीडची नवी पट्टी लावली.

वाजवायचं नाही हे मला ठाऊक आहे. पण त्याच्यातून आता काय गेलं, हे ऐकल्याशिवाय तो देता येईना. माझी खात्री होती की आवाज पातळ झाला असणार, तुतारीच्या ट्रंपेटसारखा. एकदा ऐकेन, निदान कळेल की इतकी वर्षं काय सांभाळलं. मास्क काढला आणि सगळ्यात खालचा सूर लावला. जेमतेम लागला, लगेच संपलाही.

तोच होता. तोच जाड, तोच धुरकट. तसूभर फरक नाही. पुन्हा लावून बघितला, आणखी छोटा. तोच. तो थर नव्हताच कधी आवाजात. तो फक्त नळीत होता, आणि माझ्यात.

 दारात किल्ली फिरली, बायको लवकर आली होती. पिशवी हातातच ठेवून आत डोकावली. चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू होतं.

"जुनी टेप लावली होतीस ना? जिन्यातच ओळखला मी तुझा सूर."

मी म्हणालो, हो, जुनी टेप.